वीरगळ, शिलालेख आणि ‘प्रकार’ नावाचा रकाना

प्रश्न असा आहे: तालुक्यातल्या जुन्या वास्तू आणि वस्तूंची यादी करताना ‘प्रकार’ या रकान्यात काय लिहायचं? एकाच धाटणीच्या दगडाला एकाने ‘वीरगळ’ म्हटलंय, दुसऱ्याने ‘स्मृतिशिळा’, तिसऱ्याने ‘युद्धशिल्प’, तर चौथ्याने थेट ‘हेमाडपंती शिल्प’. यातला प्रमाण शब्द कोणता? आणि जाता जाता, ‘पुरावस्तू’ व ‘पुरावशेष’ यांत फरक काय?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे: वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेला दगड. कन्नडमध्ये ‘कल्लु’ म्हणजे दगड. त्याचं ‘वीरगल्लु’ आणि आपल्याकडे वीरगळ. (कोणी ‘तो वीरगळ’ म्हणतात, कोणी ‘ती’. मी ‘ती’ म्हणतो. यादीत काय ते एक ठरवा, म्हणजे झालं.) ‘स्मृतिशिळा’ चूक नाही, पण तो वरच्या पायरीचा शब्द आहे. त्याच्या पोटात वीरगळही येते आणि सतीशिळाही. नेमका शब्द हाताशी असताना मोघम कशाला लिहायचा? दगड इतका झिजलाय की काहीच ओळखू येत नाही, तिथे मात्र ‘स्मृतिशिळा’ खुशाल लिहा.

‘युद्धशिल्प’ खोडून टाका. दगडावर काय कोरलंय ते तो शब्द सांगतो. दगड कशासाठी उभा केला ते सांगत नाही. वीरगळीवरची गोष्ट बहुधा खालून वर वाचायची असते. तळाच्या चौकटीत धारातीर्थी पडलेला वीर, मग लढाई, मग त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याच्यावर शिवलिंगाची पूजा आणि माथ्याकडे कलश किंवा चंद्रसूर्य. म्हणजे लढाई ही अनेक चौकटींतली एक. बोरिवलीतल्या एकसरच्या वीरगळींवर तर जहाजांची लढाई कोरली आहे. त्यांना काय ‘जहाजशिल्प’ म्हणणार?

खरा घोटाळा शब्दांचा नाही, रकान्यांचा आहे. वस्तू काय आहे, कशाची आहे, कशी घडवली, कोणत्या शैलीची, कोणत्या काळातली, तिच्यावर काय कोरलंय आणि गावात तिला काय म्हणतात, हे सगळं आपण ‘प्रकार’ या एका कोनाड्यात कोंबतो. संग्रहालयांसाठी जे प्रमाण संज्ञाकोश बनतात, त्यांत ही कलमं आधीच वेगळी केलेली असतात. गेटी संस्थेच्या कला आणि वास्तुकलेच्या संज्ञाकोशात वस्तू, साहित्य, शैली व कालखंड यांची दालनंच निराळी आहेत. प्रत्येक संकल्पनेला एक मान्य शब्द, त्याच्याखाली पर्यायी शब्द, वर व्यापक संज्ञा आणि नेमका अर्थ सांगणारी टीप. ब्रिटनमध्ये तर स्मारकांच्या प्रकारांची यादी वेगळी आणि उत्खननात मिळणाऱ्या वस्तूंची वेगळी. मराठीत नेमके शब्द मुबलक आहेत, व्यापक संज्ञांवर मात्र एकमत नाही. आड, बारव, कुंड, पुष्करणी हे सगळं कोणत्या एका शब्दाखाली घ्यायचं, हे आपलं अजून ठरायचंय. मी ‘जलवास्तू’ लिहितो.

आता ‘हेमाडपंती’. हा शब्द प्रकाराच्या रकान्यात तर नकोच, शैलीच्या रकान्यातही दहादा विचार करून लिहावा. ज्याच्या नावावरून तो आला तो हेमाद्री, म्हणजे हेमाडपंत, यादवांच्या पदरी होता, १३व्या शतकात. अंबरनाथचं शिवमंदिर तिथल्या लेखानुसार १०६० सालचं, म्हणजे त्याच्या सुमारे २०० वर्षं आधीचं. तरी तेही सर्रास ‘हेमाडपंती’ म्हणून खपतं. चुन्याशिवाय दगड रचलेत एवढंच सांगायचं असेल, तर तेवढंच लिहावं.

‘शिलालेख’ हा शब्दही असाच चकवतो. अलिबागजवळच्या अक्षीचा शिलालेख मराठीच्या अभ्यासकांना पाठ असतो, पण लेख ज्या दगडावर आहे तो काय आहे? ती गधेगळ आहे. दानाची आज्ञा मोडणाऱ्याला आईवरून शिवी देणारा दगड: वर चंद्रसूर्य, खाली लेख. अशा इतर दगडांवर गाढव आणि स्त्री यांचं शिल्पही असतं, आणि लेख नसला तरी तेवढ्यावरून गधेगळ ओळखता येते. तेव्हा प्रकार ‘गधेगळ’ आणि कोरीव मजकुराच्या रकान्यात ‘मराठी शिलालेख’. असं लिहिलं की गधेगळी शोधणाऱ्याला अक्षी सापडेल आणि शिलालेख शोधणाऱ्यालाही.

वेरूळचं कैलास याच न्यायाने सुटतं. प्रकार मंदिर, घडण शैलोत्कीर्ण (म्हणजे अखंड खडकात कोरलेली), ‘लेणे क्र. १६’ हे त्याचं ओळखनाव. आणि ‘गुहा’ हा शब्द निसर्गाने घडवलेल्या पोकळीसाठी राखून ठेवा. फलकांवर काहीही लिहिलेलं असो.

राहिला दुसरा प्रश्न. ‘पुरावस्तू’ म्हणजे हलवता येण्याजोगी सुटी वस्तू: नाणं, मूर्ती, ताम्रपट, खापर. ‘पुरावशेष’ मराठीत जास्त सैल वापरला जातो, त्यात जोती, भिंती, चुलाणंही येतात. हिंदीत पुरावस्तूंविषयीच्या १९७२च्या कायद्याच्या नावात ‘पुरावशेष’ हाच शब्द पुरावस्तूसाठी आहे, त्यामुळे हिंदीवरून केलेल्या नोंदींत गोंधळ होतो. त्या कायद्यात वयाची अट १०० वर्षांची आहे, हस्तलिखितांना ७५. इमारतीपासून किंवा लेण्यापासून सुटी झालेली वस्तूही त्यात मोडते. म्हणजे देवळाच्या भिंतीतली मूर्ती ही स्मारकाचा भाग, पण तीच निखळून पारावर येऊन बसली की पुरावस्तू. म्हणून ‘सध्याची जागा’ हा रकाना ‘मूळ जागा’ या रकान्याशेजारी हवाच.

एक अडचण उरते. काही दगडांवर लढाईच्या चौकटी असतात आणि शेजारी कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला सतीचा हातही. अशा वेळी ‘वीरसतीशिळा’ वगैरे नवीन शब्द पाडू नका. रकान्यात ‘वीरगळ; सतीशिळा’ असे दोन्ही मान्य शब्द अर्धविराम देऊन लिहा.