‘मी नसतो तर आईला जावं लागलं नसतं ना?’

प्रश्न : ताई, आम्ही गोव्यातले, डिचोलीकडचे. मुलगा बोटीवर असतो. सून दोन वर्षं कुवेतला एका घरी कामाला आहे. घराच्या दुरुस्तीला काढलेलं कर्ज फेडायचंय. नऊ वर्षांचा नातू माझ्याकडे. चतुर्थी झाल्यापासून रोज सकाळी त्याचं पोट दुखतं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. फुटबॉल खाटेखाली पडून आहे. रात्री साडेअकराला आईचा फोन आला की उशीत तोंड खुपसतो. शाळेत म्हणतात, लाडावलाय. काल मला म्हणाला, ‘मी नसतो तर आईला जावं लागलं नसतं ना?’ काय बोलू?
– एक आजी

उत्तर : आजी, ‘आई तुझ्यासाठीच गेली’ असं घरात कोणी त्याला म्हणतं का? माझी आई म्हणायची. बाबा बोटीवर होते. सातव्या वर्षी मी हिशेब मांडला होता: मी शाळा सोडली तर फी नाही, फी नाही तर बाबा घरी. त्यांनी आणलेला बिस्किटांचा निळा डबा मी वर्षभर उघडला नाही. शेवटी मुंग्यांनी खाल्ला.

तेव्हा त्याला खरं सांगा. कर्जाचं पासबुक पुढ्यात ठेवा. किती हप्ते गेले, किती राहिले, त्यालाच मोजू दे. ‘तू जन्मायच्या आधीपासून हे छप्पर गळतंय रे’ म्हणा. सुनेनेही स्वतःच्या तोंडाने सांगावं. पण साडेअकराला नको, पोर झोपेला आलेलं असतं. कुवेत आपल्यामागे अडीच तास. तिला जमेल त्या दिवशी संध्याकाळी पाच मिनिटं पुरेत, एरवी आवाजाचा निरोप पाठवू दे. फोनपुढे बळेच बसवू नका.

मुलांचं नैराश्य रडण्यातूनच दिसतं असं नाही. चिडचिड, पोटदुखी, सुटलेला खेळ, हेही तेच असू शकतं. दोन आठवड्यांवर गेलं की थांबायचं नसतं, आणि तुमचे तर महिने झाले. या आठवड्यातच त्याला बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत दाखवा. शेजारीपाजारी काय म्हणतील ते म्हणोत.

त्याआधी आजच, त्याला जवळ घेऊन सरळ विचारा, ‘मरून जावंसं वाटतं का?’ विचारल्याने तसलं काही डोक्यात भरत नाही. हो म्हणाला तर क्षणभरही एकटा ठेवू नका, त्याच दिवशी न्या. रात्री-अपरात्री १४४१६ वर टेली-मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा. पैसे पडत नाहीत.

राहिली शाळा. कालनिर्णयवर पोटदुखीच्या दिवशी फुली मारत जा आणि महिन्याने ते पानच शाळेत न्या. रविवारी किती फुल्या आहेत, ते शिक्षकांना मोजू द्या.