विंडोज ११ वर गेल्यानंतर वायफाय जोडलेले दिसते, पण इंटरनेट चालत नाही. विंडोज नव्याने टाकावे का?

आपल्या प्रश्नानुसार, विंडोज १० वरून ११ वर गेल्यापासून लॅपटॉप घरच्या वायफायला जोडलेला दिसतो, पण एकही संकेतस्थळ उघडत नाही, फोन मात्र त्याच वायफायवर व्यवस्थित चालतो, आणि दुरुस्तीवाला सगळे पुसून विंडोज नव्याने टाकायला सांगत आहे. माझ्या मते एवढ्यात त्याची गरज नाही. फोन चालतो त्या अर्थी राउटर आणि बाहेरून येणारी लाइन ठीक आहे, त्यामुळे राउटर रीसेट करत बसणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दोष लॅपटॉपमध्येच आहे आणि तो नेमका कोणत्या टप्प्यावर आहे हे कळण्याआधी काहीही पुसू नये.

सर्वप्रथम लॅपटॉप 'शट डाउन' न करता 'रीस्टार्ट' करावा. विंडोजमधील 'फास्ट स्टार्टअप' ही सोय चालू असेल तर शट डाउन करताना ड्रायव्हरची, म्हणजे वायफाय कार्डासारखा भाग चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरची, स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच पुन्हा वर येते. त्यामुळे रोज रात्री यंत्र बंद करूनही अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच राहतो.

त्यानंतर कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) उघडून 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) ही आज्ञा द्यावी आणि वायफायच्या नावाखाली आयपीव्ही४ पत्ता, म्हणजे नेटवर्कवरील लॅपटॉपचा क्रमांक, पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही आणि विंडोजने स्वतःच एक तात्पुरता पत्ता लावून घेतला आहे, असे समजावे. पत्ता १९२.१६८ सारखा नेहमीचा असेल, तर त्याच ठिकाणी दिसणाऱ्या 'डिफॉल्ट गेटवे'ला (म्हणजे राउटरला), मग ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला, या क्रमाने 'पिंग' (ping) करावे, म्हणजे उत्तर येते का ते तपासावे. गेटवेकडून उत्तर आले नाही तर ड्रायव्हर किंवा सुरक्षा सॉफ्टवेअरवर संशय घ्यावा. ८.८.८.८ कडून उत्तर येते पण नावाला येत नाही, तर दोष डीएनएसचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणाऱ्या सेवेचा, आहे. वायफायच्या सेटिंगमध्ये डीएनएस 'ऑटोमॅटिक' करावा, अथवा हाताने १.१.१.१ भरावा. तिन्हींकडून उत्तर येऊनही ब्राउझर अडत असेल, तर सेटिंगमधील 'प्रॉक्सी' (इंटरनेटची वाहतूक ज्यातून वळवली जाते तो मधला सर्व्हर) तपासावी. कधी काळी कार्यालयाच्या कामासाठी भरलेली प्रॉक्सी तिथे तशीच राहिलेली असते.

पत्ता मिळत नाही किंवा गेटवे उत्तर देत नाही, अशा तक्रारींत मला सर्वाधिक वेळा सापडलेले कारण म्हणजे जुने व्हीपीएन (इंटरनेटची वाहतूक गुप्त वाटेने नेणारे सॉफ्टवेअर) किंवा जुना अँटीव्हायरस. ही सॉफ्टवेअरे नेटवर्कच्या वाटेत स्वतःचा एक फिल्टर बसवतात आणि विंडोज बदलल्यावर तो फिल्टर नव्या आवृत्तीशी जुळला नाही, तर वायफाय जोडलेले दिसूनही माहिती पुढे सरकत नाही. रन खिडकीत (विंडोज आणि आर या कळा एकत्र दाबून ती उघडते) 'एनसीपीए.सीपीएल' (ncpa.cpl) टाइप करून वायफायचे 'प्रॉपर्टीज' उघडावे. तिथे निवडीची खूण असलेल्या ओळींची एक यादी दिसेल: 'क्लायंट फॉर मायक्रोसॉफ्ट नेटवर्क्स', 'इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४' वगैरे. या यादीत सुरक्षा किंवा व्हीपीएन कंपनीच्या नावाची एखादी ओळ असेल, तर तेवढ्याच ओळीची खूण काढून पाहावी. इंटरनेट सुरू झाले, तर ते सॉफ्टवेअर काढून टाकावे. मात्र साध्या अनइन्स्टॉलने फिल्टर मागे उरू शकतो, म्हणून त्या कंपनीने दिलेले काढण्याचे साधन वापरावे. अँटीव्हायरस गेला म्हणून यंत्र उघडे पडत नाही, कारण विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप चालू होतो.

यादी स्वच्छ असेल तर ड्रायव्हरकडे वळावे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण फिकट नसेल, तर ते वापरून पाहावे. फिकट असेल तर लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलचा विंडोज ११ साठीचा ड्रायव्हर घ्यावा. कार्ड कोणाचे आहे हे कळत नसेल तर 'डिटेल्स'मधील 'हार्डवेअर आयडी' पाहावा: त्यात ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी असेल तर रिअलटेक आणि १४सी३ असेल तर मीडियाटेक. इंटरनेटच नाही तर ड्रायव्हर आणायचा कुठून, ही अडचण अँड्रॉइड फोनने सुटते. फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू केले की वायफाय कार्डाचा संबंधच येत नाही.

विंडोजमधील 'नेटवर्क रीसेट' हा उपाय अनेक जण पहिलाच सुचवतात. मी तो शेवटी ठेवतो. त्याने सगळी नेटवर्क कार्डे काढून पुन्हा बसवली जातात आणि हाताने भरलेला स्थिर पत्ता, व्हीपीएनची मांडणी, जपलेले वायफाय पासवर्ड हे सारे जाते. घरी त्याचे फारसे बिघडत नाही, पण कार्यालयात प्रत्येक यंत्राला ठरावीक पत्ता दिलेला असेल तर आधी 'आयपीकॉन्फिग /ऑल'चा फोटो काढून ठेवावा.

एवढे करूनही जमले नाही, तर सेटिंग, सिस्टिम, रिकव्हरी या वाटेने 'गो बॅक' करून फायली न गमावता विंडोज १० वर परतता येते. मात्र ही सोय साधारणपणे अपग्रेडनंतर १० दिवसच असते आणि मागील विंडोजच्या फायली डिस्क क्लीनअपने पुसल्यास त्याआधीच संपते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलेला असल्याने परतणे हा कायमचा मुक्काम समजू नये. आपल्या यंत्रावर आयपीव्ही४ पत्ता काय दिसतो आणि तिन्ही पिंगांचे काय झाले, हे येथे कळवल्यास पुढचे नेमके सांगता येईल.