जिभेला डोळे असतात का?

पिल्लू,

काल झोपताना तू विचारलंस की मराठीत सगळंच 'बघ' का असतं, आई म्हणते चव बघ, आजी फोनवर म्हणते ऐकून तर बघ, मी म्हणतो हात लावून बघ गरम आहे का, मग काय जिभेला आणि हाताला डोळे असतात? मी 'झोप आता' म्हणून टाळलं कारण नीट सांगता येईना, म्हणून लिहून ठेवतोय.

साधं उत्तर असं की आपल्या 'बघ'मध्ये 'अनुभव घे, प्रयत्न कर' हेही येतं. (पूर्वजांना मेंदूचं सगळं आधीच ठाऊक होतं वगैरे फॉरवर्ड येतात, त्यातलं हे नाही हां.) पण अजून एक गंमत आहे. आपण 'मी बघतो' म्हणतो पण 'मला दिसतं' म्हणतो, म्हणजे बघायचं काम माझं आणि दिसणं मात्र आपोआप होणारं. तर ते आपोआप वगैरे काही नसतं.

डोळ्याच्या आत मागे रेटिना नावाचा पातळ पडदा असतो, त्यात उजेड टिपणाऱ्या साधारण 12 कोटी पेशी. त्या अंधारात सतत बडबडत असतात आणि उजेड पडला की गप्प होतात! उलटं वाटतं ना, पण पुढच्या पेशींना त्या गप्प होण्यावरूनच कळतं. आता डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या तारा जेमतेम 10-12 लाख, मग 12 कोटींचं म्हणणं त्यात मावणार कसं? तर सगळं पाठवायचंच नाही, मुख्यतः फरक तेवढा पाठवायचा. 1953 मध्ये स्टीफन कफलर यांनी मांजराच्या रेटिनात पाहिलं की काही पेशी आपल्या टापूच्या मधोमध उजेड पडला की जोरात सिग्नल देतात, आणि आजूबाजूलाही तेवढाच उजेड केला की थंड पडतात. कोऱ्या भिंतीबद्दल त्यांना फारसं काही सांगायचं नसतं, भिंतीला तडा दिसला की बोलतात.

बाकीचं चित्र मेंदू जुळवतो, आणि इथे तुझी जीभ येते बघ. 1969 मध्ये पॉल बाख-इ-रिता यांनी दृष्टी नसलेल्या माणसांना एका खुर्चीत बसवलं, खुर्चीच्या पाठीला 400 छोटी थरथरणारी टोकं, कॅमेऱ्यात जे येईल त्याचा आकार पाठीवर थरथरून उमटायचा. कॅमेरा दुसऱ्याने धरला तर त्यांना नुसती पाठीला गुदगुली, पण स्वतः फिरवायला लागले तेव्हा वस्तू पाठीवर नाही, समोर आहे असं वाटायला लागलं. म्हणजे आधी बघितलं, मग दिसलं. पुढे हेच जिभेवर ठेवायच्या पट्टीने केलं, कॅमेऱ्यातलं चित्र जिभेवर चुरचुरतं. त्यामुळे तुझा प्रश्न वाटतो तेवढा वेडा नाहीये.

गेलेली नजर परत आणायची तर सगळ्यात आधी हे बघतात की बिघडलंय नेमकं कुठे. रेटिनाच्या काही आजारांत उजेड टिपणाऱ्या पेशी मरतात पण मेंदूकडे तारा पाठवणाऱ्या पेशी बऱ्याच शाबूत राहतात. मग त्यांना विजेने टोचायचं, तशी 60 इलेक्ट्रोडची चिप लोकांच्या डोळ्यात बसवलीसुद्धा, पण 12 कोटींच्या जागी 60, काय दिसणार, उजेडाचे ठिपके. दुसरी युक्ती मला जास्त आवडते, त्या उरलेल्या पेशींमध्येच शेवाळातल्या प्रोटीनचं जीन घालायचं म्हणजे त्या स्वतः उजेड ओळखतील. 2021 मध्ये छापून आलं की 58 वर्षांच्या एका माणसाला हे केल्यावर, खास गॉगल घालून आणि काही महिने सराव करून, टेबलावरची वही सापडली, पेले मोजता आले. चेहरे नाही, रंग नाही. आणि त्यालाही मान इकडेतिकडे फिरवत शोधावं लागायचं.

आता तुझ्यासाठी काम. कागदावर डावीकडे फुली काढ, उजवीकडे 8 सेंटिमीटरवर टिंब, आणि त्या टिंबातून एक आडवी रेघ. डावा डोळा मिटून फुलीकडेच बघत कागद हळूहळू जवळ आण. साधारण फूटभर अंतरावर टिंब गायब होतं, कारण तारा जिथून बाहेर पडतात तिथे रेटिनाला उजेड कळतच नाही. पण रेघ तुटत नाही, मेंदू ती ओढून टाकतो. मी आत्ताच केलं, तीनदा चुकून टिंबाकडेच बघितलं.

बाबा