साडेचार पगारांची गिटार, की दीड पगाराची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाचक आठ वर्षं गिटार वाजवतायत, नोकरी आहे, बाजूला पाच पगारांएवढे पैसे साठलेत आणि दर महिन्याला पगाराचा पाचवा हिस्सा शिल्लक पडतो. गिब्सन कंपनीची लेस पॉल ही इलेक्ट्रिक गिटार, सनबर्स्ट रंगातली (मध्ये पिवळसर, कडेला गडद होत जाणारा रंग), मनात भरलीय, किंमत साडेचार पगार, त्यातले दोन पगार रोख आणि बाकीचे वर्षभराच्या हप्त्यांनी. त्याच दिवशी एक साधी एकरंगी, फारसं नाव नसलेली गिटार पण हातात घेतली, ती दीड पगारात येते आणि ती वाजवताना "वेळ कसा गेला कळलंच नाही" असं ते स्वतःच लिहितात, पण लगेच पुढे "दिसायला अगदीच सपक, आणि ग्रुपमधले म्हणतील आठ वर्षांनी हीच घेतलीस का". लेस पॉल उभं राहून वाजवली तर पंधरा मिनिटांत खांदा भरून आला, हेही त्यांनीच लिहिलंय, कंसात. गिटार कुठल्या स्टँडवर ठेवावी हेही विचारलंय, आणि शेवटी विचारलंय की चांगल्या गिटारची किंमत वाढतच जाते, मग ही गुंतवणूक धरायची का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. नाही धरायची.

लेस पॉल बाजारात आली १९५२ मध्ये. ज्या सनबर्स्ट रंगावर तुमचा जीव जडलाय त्या रंगातल्या १९५८ ते १९६० च्या गिटार आज घराच्या किमतीला जातात हे खरंय, पण तेव्हा त्यांना उठाव नव्हता, इतका नव्हता की १९६१ मध्ये कंपनीने तो आकारच बदलून टाकला. म्हणजे ज्यांनी बनवली त्यांनाही कळलं नव्हतं की आपण काय बनवून बसलोय. त्या महाग झाल्या कारण थोड्याच बनल्या, त्यातल्या काही मोडल्या-हरवल्या, आणि मधल्या काळात मोठमोठ्या वादकांनी त्या वाजवून नावारूपाला आणल्या. तुम्ही घेताय ती आजची नवी गिटार आहे, तशाच पुढच्या वर्षीही बनणार, त्याच्या पुढच्याही. बिल फाटलं की ती सेकंड हँड. शिवाय गुंतवणूक म्हणून घेतलेली गिटार वाजवायची कशी? तारांखालच्या धातूच्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, झिजतात, पॉलिशला पोचे पडतात, आणि प्रत्येक पोच्याला तुमच्या पोटात गोळा येणार.

तरी एक मान्य करतो, नावाला विकताना किंमत असते. लेस पॉल विकायला काढली तर गिऱ्हाईक पटकन मिळेल, त्या साध्या गिटारला शोधत बसावं लागेल. पण हिशोब करून बघा. समजा साधी गिटार निम्म्या किमतीत गेली, तर पाऊण पगार बुडाला. लेस पॉल तीन चतुर्थांश किमतीत गेली, तर सव्वा पगाराला थोडा कमी. टक्केवारीत नाव जिंकलं आणि खिशातून जास्त त्याच्याच पायी गेले. हे आकडे मी समजुतीसाठी धरलेत, तुमच्याकडे वेगळे निघतील, पण महाग वस्तूचा छोटा टक्का आणि स्वस्त वस्तूचा मोठा टक्का यात माणसं नेहमी फसतात.

आता हप्ते. अडीच पगार वर्षभरात फेडायचे म्हणजे महिन्याला पगाराच्या एकवीस टक्के, व्याज धरलं तर अजून वर. तुमची शिल्लक वीस टक्के. म्हणजे वर्षभर एक पैसा साठणार नाही, उलट थोडी ओढाताण होणार, आणि गाठीला राहिले तीन पगार. साधी घेतली, तीही रोख, तर साडेतीन पगार उरतात आणि दरमहा साठत राहून वर्षाअखेर जवळपास सहा होतात. एकीकडे तीन, दुसरीकडे सहा. मध्ये नोकरी गेली किंवा घरात कोणी आजारी पडलं तर हा फरक काय असतो ते वेगळं सांगायला नको, माझं अर्धं काम अशाच लोकांचे कागद बघण्यात जातं.

हौसेला मोल नसतं म्हणतात, पण माझा धंदाच मोल लावायचा आहे त्यामुळे माफ करा. दोन्ही गिटारमध्ये फरक तीन पगारांचा, म्हणजे साधारण ६६ दिवस काम, आठ तासांचा दिवस धरला तर ५२८ तास. तुम्ही आठवड्याला चार तास वाजवता, पाच वर्षांत हजारेक तास होतात. म्हणजे लेस पॉलवरच्या प्रत्येक तासासाठी तुम्ही अर्धा तास जास्तीची नोकरी करणार. हे मला वाईट वाटत नाही हो, खरंच आवडत असेल तर करावी. पण खांदा दुखतो म्हणून ती आठवड्याला एकच तास बाहेर निघाली तर? मग तासाला दोन तास नोकरी पडते. म्हणून मला ते कंसातलं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, जे तुम्ही जाता जाता टाकून दिलंत.

वाजवायला सोपी की अवघड यात दोन भाग असतात आणि दुकानात ते एकत्र मिसळतात. एक भाग दुरुस्त होणारा. तारा फ्रेटपासून उंच असतील, कडक लागत असतील, वरच्या फ्रेटला सूर हलत असेल, तर ते सेटअपचं काम आहे, ट्रस रॉड (नेक, म्हणजे गिटारचा दांडा, सरळ ठेवणारी आतली सळई), ब्रिज आणि नट (तारा दोन टोकांना ज्यांवर टेकतात ते) नीट केले की तीच गिटार ओळखू येत नाही. इलेक्ट्रिक गिटारला बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची दोनेक मिलिमीटर आणि बारीक तारेची दीडेक असली की बहुतेकांचा हात बसतो. या कामाचे पैसे गिटारच्या किमतीपुढे किरकोळ असतात, त्यामुळे एकीच्या तारा गंजलेल्या आणि दुसरी ताजी सेटअप केलेली असेल तर ती तुलनाच नाही. दुसरा भाग मात्र जन्मभराचा. वजन, नेकची जाडी, नटची रुंदी, स्केलची, म्हणजे नट ते ब्रिज तारेची, लांबी. लेस पॉलची स्केल पावणेपंचवीस इंच धरतात, फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरची साडेपंचवीस, आणि पहिल्या फ्रेटच्या अंतरात याचा फरक जेमतेम एक मिलिमीटर पडतो, पण छोट्या स्केलवर त्याच तारा सैल लागतात आणि बेंड (तार ओढून सूर चढवणं) सोपे जातात, हे बोटांना लगेच कळतं. म्हणजे लेस पॉलचं नेक तुम्हाला आवडलं असेल तर त्यात नवल नाही. पण चार-साडेचार किलोचं लाकूड कुठला कारागीर हलकं करून देणार? रुंद पट्टा लावून थोडा आराम पडेल, बास.

माझंच सांगतो. पहिली नोकरी लागल्यावर मी एक गिटार निव्वळ रंग बघून घेतली, गर्द लाल, कडेला पांढरी किनार. दुकानात बसून वाजवली होती. घरी पट्टा लावून उभा राहिलो आणि हात सोडला तर नेक सरळ जमिनीकडे, मग वाजवायचं सोडून डाव्या हाताने ते उचलून धरत बसायचं. दोन वर्षं भिंतीवर टांगलेली होती, पाहुणे फार कौतुक करायचे.

तरीही दिसण्याचा खर्च मी वायफळ म्हणणार नाही. समोर ठेवलेली, बघून हात शिवशिवावेत अशी गिटार जास्त वाजते, आणि ज्यांना स्टेजवर वाजवायचे पैसे मिळतात त्यांच्यासाठी दिसणं आणि नाव दोन्ही धंद्याचा भाग आहेत. तुम्ही घरी वाजवता आणि महिन्यातून दोनदा मित्रांबरोबर, म्हणजे नावाचा पूर्ण खर्च चार मित्रांच्या पहिल्या पाच मिनिटांसाठी. सहाव्या मिनिटाला ते म्हणणार, चल, कुठलं गाणं घ्यायचं? क्वीनच्या ब्रायन मेची गिटार माहीत असेलच, १९६३ मध्ये त्याने वडिलांबरोबर घरीच बनवायला घेतली, नेकचं लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचं. तिच्यावर कुठल्या कंपनीचं नाव आहे हे त्याला कोणी विचारायला गेलं नाही.

तर माझं मत, साधी घ्या, रोख घ्या, घेतल्या घेतल्या सेटअप करा. वाचलेल्यातून थोडे पैसे तिच्या रूपावर खुशाल घाला, पिकगार्ड बदला, नॉब बदला, चांगला पट्टा घ्या. अँप, म्हणजे अँप्लिफायर, जुना असेल तर आधी तो बदला, इलेक्ट्रिकमध्ये अर्धा आवाज तिथूनच येतो. वर्षभराने साठलेले बघून सनबर्स्ट अजूनही डोक्यातून जात नसेल तर सेकंड हँड शोधा, म्हणजे पहिली घसरण दुसऱ्या कोणाच्या खिशातून गेलेली असेल. नेक आणि हेडस्टॉक (खुंट्या असतात तो वरचा भाग) जुळतात तिथे मागून टॉर्च मारून बघा, या डिझाइनमध्ये हेडस्टॉक १७ अंश मागे कललेला असतो आणि पडल्यावर बहुतेक तिथेच तडा जातो. आणि मधलाही रस्ता आहे, एपिफोन १९५७ पासून गिब्सनच्याच मालकीची आहे आणि तिच्याकडे लेस पॉल याच नावाने, त्याच रूपात बरीच कमी किमतीत मिळते. वजनाचा प्रश्न तिथेही राहील, तो तपासूनच.

जाताना स्वतःचा पट्टा न्या. उभं राहून अर्धा तास, दोन्ही गिटारवर तीच तीन गाणी, फोन खिशात. स्टँडचं विचारलं होतंत ते राहिलंच, एकरंगीवर पॉलिश कुठलं आहे ते विकणाऱ्याला विचारा, नायट्रोसेल्युलोज असेल तर साध्या रबरी स्टँडचे डाग पडतात, मग त्यावर सुती कापड गुंडाळा.