वाचकांचे प्रश्न : हेल्व्हेटिका, एरियल आणि आपली देवनागरी

प्रश्न : घरच्या मॅकवर हेल्व्हेटिकामधे रेझ्युमे बनवला आणि ऑफिसातल्या विंडोजवर उघडला तर तो एरियलमधे दिसला. पण एकही ओळ खालीवर झालेली नाही! दोन्ही फॉन्ट एकच आहेत का? – एक वाचक, नाशिक

एकच नाहीत हो, फक्त मापं एक आहेत. कुठल्या अक्षराने ओळीत किती रुंदी घ्यायची हे प्रत्येक फॉन्टच्या आत आकड्यांमधे लिहिलेलं असतं, आणि एरियलचे हे आकडे हेल्व्हेटिकाशी जुळवून ठेवलेले आहेत, म्हणून अक्षरं बदलली तरी ओळ जिथे तुटायची तिथेच तुटते. हे जुळणं इतकं महत्त्वाचं का ठरलं तर १९८५ मधे ॲपलचा लेझररायटर प्रिंटर आला, त्यात हेल्व्हेटिका, टाइम्स आणि कुरियर हे फॉन्ट प्रिंटरच्या पोटातच होते, आणि बघता बघता कॉम्प्युटरवरची सगळी छपाई हेल्व्हेटिकाच्या मापावर चालायला लागली. एरियल मात्र त्याच्याही आधीचा, १९८२ चा, मोनोटाइप या फॉन्ट कंपनीत रॉबिन निकोलस आणि पॅट्रिशिया सॉन्डर्स यांनी आयबीएमच्या लेझर प्रिंटरसाठी काढलेला. १९९२ मधे तो विंडोज ३.१ बरोबर आला आणि मग घराघरात पोचला.

ओळखायचं असेल तर स्मॉल टी बघा, हेल्व्हेटिकात त्याचं डोकं सरळ आडवं कापलेलं असतं आणि एरियलमधे तिरकं. कॅपिटल आरचा पाय हेल्व्हेटिकात वळून उभा खाली येतो, एरियलमधे तो सरळ तिरका जातो. कॅपिटल जीला हेल्व्हेटिकात खाली उजवीकडे छोटा खुंट असतो, एरियलमधे तो नाही. एरियलला सरसकट ‘नक्कल’ म्हणतात ते मला पटत नाही, कारण मापं हेल्व्हेटिकाची असली तरी आकार मोनोटाइपच्याच जुन्या ग्रोटेस्क (म्हणजे टोकांना शेपट्या नसलेल्या अक्षरांच्या) फॉन्टवरून आलेले आहेत. पण मोठ्या अक्षरात दोन्ही शेजारी ठेवले तर हेल्व्हेटिका जास्त घट्ट बांधलेला दिसतो हेही तितकंच खरं.

प्रश्न : हेल्व्हेटिका मुळात न्यूयॉर्कच्या सबवेसाठी बनवला होता असं सगळे म्हणतात, खरं का? – एक वाचक, न्यू जर्सी

नाही. तो स्वित्झर्लंडचा, १९५७ चा. बासेलजवळ म्युन्शेनस्टाइनला हास नावाची टाइप फाउंड्री, म्हणजे छपाईचे खिळे ओतणारी कंपनी होती. तेव्हा स्विस डिझायनर मंडळी जर्मनीच्या बर्टहोल्ड कंपनीचा आक्झिडेन्झ ग्रोटेस्क हा एकोणिसाव्या शतकातला फॉन्ट सर्रास वापरायची आणि हासचे स्वतःचे जुने ग्रोटेस्क मागे पडत होते, तेव्हा डायरेक्टर एडुआर्ड हॉफमन यांनी माक्स मीडिंगर यांच्याकडून नवा काढून घेतला. मीडिंगर आधी हासचेच सेल्समन होते. ते अक्षरं काढायचे आणि हॉफमन त्यावर बारीकसारीक दुरुस्त्या सुचवायचे, त्यामुळे श्रेय दोघांनाही द्यायला हवं. पहिलं नाव नोये हास ग्रोटेस्क, १९६० मधे विक्रीसाठी ते बदलून हेल्व्हेटिका केलं.

सबवेचं म्हणाल तर मासिमो विन्येली आणि बॉब नूर्डा या डिझायनरांच्या सबवेच्या पाट्यांसाठीच्या १९७० च्या मॅन्युअलमधे स्टँडर्ड मीडियम हा फॉन्ट होता, म्हणजे तोच आक्झिडेन्झ ग्रोटेस्क अमेरिकेतल्या नावाने! हेल्व्हेटिका तिथे अधिकृत झाला तो १९८९ मधे. विन्येलींचं हेल्व्हेटिकातलं काम बघायचं तर अमेरिकन एअरलाइन्सचा १९६७ चा लोगो बघा, २०१३ पर्यंत चालला तो.

प्रश्न : सोसायटीचा इंग्रजी वार्षिक अहवाल आम्ही ८ पॉइंट हेल्व्हेटिकात छापला, ज्येष्ठ सभासद म्हणतात वाचवत नाही. एवढा नावाजलेला फॉन्ट असून असं का? – एक वाचक, ठाणे

तुमच्या सभासदांचं बरोबर आहे आणि त्यांचं ऐकाच. हेल्व्हेटिकाचे सी, ई, एस ही अक्षरं बघा, त्यांची तोंडं जवळजवळ मिटलेली असतात, टोकं आत वळून समोरासमोर येतात. मोठ्या पाटीवर, लोगोत, मथळ्यात यामुळेच तो इतका भरीव आणि शांत दिसतो, पण ८ पॉइंटला ती फट भरून जाते आणि सी, ई, ओ एकमेकांसारखे दिसायला लागतात. त्यात कॅपिटल आय आणि स्मॉल एल म्हणजे दोन्हीकडे एक उभी रेघ, फ्लॅट नंबर आणि खाते क्रमांकांच्या तक्त्यात याचा किती घोळ होईल विचार करा. आद्रियान फ्रुटिगर या टाइप डिझायनरांनी १९७० च्या दशकात पॅरिसच्या चार्ल्स द गॉल विमानतळाच्या पाट्यांसाठी अक्षरं काढली तेव्हा तोंडं मुद्दाम उघडी ठेवली, चालता चालता लांबून वाचता यावं म्हणून. तोच पुढे फ्रुटिगर नावाने विकायला आला. पुढच्या वर्षी मथळे हेल्व्हेटिकात ठेवा, आतला मजकूर उघड्या तोंडाच्या फॉन्टमधे किमान १० पॉइंटला घ्या आणि ओळींमधे जागा सोडा. चार पानं वाढली तर वाढू देत, अहवाल वाचण्यासाठीच असतो ना.

प्रश्न : हेल्व्हेटिका निवडून मराठी टाइप केलं तर अक्षरं वेगळीच दिसतात, असं का? – एक वाचक, कोल्हापूर

कारण तुमच्या कॉम्प्युटरवरच्या हेल्व्हेटिकात देवनागरी अक्षरंच नाहीत, सॉफ्टवेअर ती दुसऱ्या कुठल्यातरी फॉन्टमधून गुपचूप उचलतं. असं नशिबावर सोडू नका, मराठीचा फॉन्ट स्वतः निवडा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या कंपनीचा ‘मुक्त’ हा फॉन्ट घ्या किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या, दोन्ही फुकट आहेत. मुक्तमधे सात वजनं (म्हणजे बारीक ते ठळक अशा जाडी) आहेत आणि इंग्रजी अक्षरंही त्याच हाताची आहेत, त्यामुळे मराठी-इंग्रजी मिसळलेल्या मजकुराला मी आधी तोच सुचवेन. पॉइंट साइज सारखी दिली म्हणजे दोन्ही लिप्या सारख्या दिसतील असं धरून चालू नका, एकदा प्रिंट काढून डोळ्यांनी जुळवा. वर वेलांटी आणि रफार, खाली उकार, त्यामुळे दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्तच लागतं, आणि बारीक मजकुरात बोल्ड टाळा, क्ष आणि ळ आतून बुजून जातात.