वाचकांचे प्रश्न : रस्त्यांची बोलण्यातली आणि पाटीवरची नावे

प्रश्न : आम्ही मूळचे इंदूरचे मराठी कुटुंब असून आता वाकडला स्थायिक झालो आहोत. घराजवळच्या महामार्गाला मोबाइलच्या नकाशात ४८ क्रमांक दिसतो, शेजारी त्याला ‘बायपास’ किंवा नुसते ‘हायवे’ म्हणतात, आणि स्वारगेटजवळ राहणाऱ्या आमच्या आत्याबाई ज्याला ‘सातारा रोड’ म्हणतात तो रस्ता वेगळाच निघतो. सरकारने क्रमांक ठरवून दिला असताना स्थानिक लोक तो का वापरत नाहीत, आणि आम्ही कोणते नाव उचलावे? – एक वाचक, वाकड

उत्तर : आपण ऐकलेली सगळी नावे बरोबर आहेत. नव्याने आलेला माणूस रस्ता आधी नकाशात पाहतो, त्यामुळे त्याला तो या शहरापासून त्या शहरापर्यंत अखंड दिसतो. स्थानिक माणूस मात्र त्या रस्त्याच्या एका टोकाशी राहत असतो आणि इथून निघाल्यावर आपण कोठे पोहोचू, एवढेच त्याला नावातून हवे असते. म्हणून पुण्यात सातारा रोड, सोलापूर रोड, नगर रोड, नागपुरात वर्धा रोड, अमरावती रोड, काटोल रोड, आणि नाशकात त्र्यंबक रोड, पेठ रोड, दिंडोरी रोड अशी नावे पडली. पुण्याचा सातारा रोड साताऱ्यात अर्थातच पुणे रोड होतो, आणि पिंपरी-चिंचवडमध्ये कासारवाडीला ‘नाशिक फाटा’ ऐकून नवख्याला क्षणभर आपण भलतीकडे उतरलो की काय असे वाटते.

आता क्रमांकाविषयी. २०१० साली केंद्र सरकारने राष्ट्रीय महामार्गांना नव्याने क्रमांक दिले. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मुख्य महामार्गांना सम क्रमांक मिळाले, ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम क्रमांक मिळाले, ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. म्हणून नागपूरवरून जाणारा ४४, आपल्या दारचा ४८ आणि कोकणातून जाणारा ६६ हे याच क्रमाने पश्चिमेकडे सरकत जातात. ही पद्धत सुबक आहे आणि ती समजून घेतल्यास अनोळखी प्रदेशातही दिशेचा अंदाज बांधता येतो. परंतु या बदलात मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा जुना ८ आणि पुण्यावरून बेंगळुरूकडे जाणारा जुना ४ हे दोन्ही मुख्यतः एकाच ४८ क्रमांकाखाली आले. वसई-विरारच्या माणसाला तो ‘अहमदाबाद हायवे’ आहे आणि वाकड-बाणेरच्या माणसाला ‘बेंगळुरू हायवे’. दोघांनीही नुसते ‘अठ्ठेचाळीस’ म्हणायला सुरुवात केली, तर आज सहज कळणारा फरक नाहीसा होईल. दिल्लीतल्या कार्यालयाला सोयीचा असलेला क्रमांक गावातल्या माणसाच्या जिभेवर बसत नाही, याचे कारण आळस नव्हे, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या आत्याबाईंचे म्हणणेही नेमके आहे. स्वारगेटहून धनकवडीवरून कात्रजकडे जाणारा जुना रस्ता हाच पुणेकरांचा सातारा रोड. पुढे शहराबाहेरून कात्रज ते देहूरोड असा बाह्यवळण रस्ता झाला आणि महामार्गाची वाहने तिकडे वळली. हे दोन रस्ते कात्रजच्या डोंगरापलीकडे एकत्र येतात. महामार्ग बाहेर गेला तरी नाव जुन्या रस्त्यापाशीच राहिले, आणि असे अनेक शहरांत घडले आहे. बेळगाव, हुबळी, धारवाड येथे शहरातल्या जुन्या पुणे-बेंगळुरू रस्त्याला लोक आजही ‘पी. बी. रोड’ म्हणतात, बाहेरगावचा चालक तो बाह्यवळणावर शोधत बसतो.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण तर आपण इंदूरहून बरोबर आणले आहे. आपल्याकडचा ‘ए. बी. रोड’ म्हणजे आग्रा-बॉम्बे रोड. तोच पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ३. धुळ्याच्या बाजारपेठेत तो ‘आग्रा रोड’, नाशकात ‘जुना आग्रा रोड’, कल्याणात पुन्हा ‘आग्रा रोड’, आणि मुंबईत कुर्ला ते मुलुंड या पट्ट्यातला लालबहादूर शास्त्री मार्गही जुन्या रहिवाशांच्या तोंडी आग्रा रोडच. २०१० नंतर त्याचे तुकडे झाले. आग्रा-ग्वाल्हेर टप्पा ४४ मध्ये गेला आणि इंदूर-धुळे टप्पा ५२ मध्ये. क्रमांकांवरून हा एकच प्राचीन व्यापारी मार्ग होता हे आज कोणालाही ओळखता येणार नाही. ते ओळखता येते केवळ या गावांनी सांभाळलेल्या नावामुळे.

तेव्हा आपण वाकडमध्ये ‘हायवे’ म्हणावे, रिक्षावाल्याला फाटा किंवा चौक सांगावा, आणि क्रमांक लांबच्या प्रवासासाठी लक्षात ठेवावा.

प्रश्न : आमच्या घरातील वडीलधारी मंडळी ‘तुळशी पाईप रोड’ म्हणतात आणि कार्यालयातील तरुण सहकारी ‘सेनापती बापट मार्ग’ म्हणतात. जुने नाव वापरल्याने थोर पुरुषाचा अनादर होतो का? – एक वाचक, दादर

उत्तर : नाही. ज्यांनी तुळशी तलावाच्या जलवाहिनीवरून पडलेले हे नाव लहानपणापासून ऐकले, त्यांच्या मनात सेनापतींविषयी उणा भाव नसतो. आपले तरुण सहकारी नोकरीच्या निमित्ताने तेथे आले, रस्त्याची ओळख त्यांना कार्यालयाच्या पत्त्यातून झाली, म्हणून त्यांच्या तोंडी अधिकृत नाव बसले. म्हणजे येथे नवे लोकच अधिकृत नावाचे पाईक आहेत. पेडर रोड आणि डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग, कॅडेल रोड आणि वीर सावरकर मार्ग यांचेही तसेच. पुण्यात मात्र सेनापती बापटांच्याच नावाचा रस्ता नवे-जुने सगळेच त्याच नावाने ओळखतात. जंगली महाराज रस्त्याचे नावही रुजले, कारण महाराजांचे मंदिर त्याच रस्त्यावर आहे. उलट फर्ग्युसन रस्त्याला गोपाळ कृष्ण गोखल्यांचे नाव देऊनही, आणि गोखले त्या महाविद्यालयात शिकवत असूनही, महाविद्यालयाचेच नाव टिकले. मला मनापासून वाटते की, मुळात नाव असलेल्या रस्त्यावर दुसरे नाव चढवण्यापेक्षा थोरांची नावे नव्या रस्त्यांना पहिल्या दिवसापासून द्यावीत. पत्रव्यवहारात आणि निमंत्रणपत्रिकेत अधिकृत नाव लिहून खाली प्रचलित नाव जोडावे.

प्रश्न : महामार्गावर गाडी बंद पडल्यास मदत मागताना रस्त्याचे कोणते नाव सांगावे? – एक वाचक, कराड

उत्तर : येथे मात्र क्रमांकच आधी सांगावा, कारण फोन उचलणारी व्यक्ती आपल्या भागातली असेलच असे नाही. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या मदत क्रमांकावर महामार्गाचा क्रमांक, आपण कोणत्या शहराकडे निघालो आहोत ती दिशा आणि जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगावा. राष्ट्रीय महामार्गावरच्या दगडाचा माथा पिवळा असतो, राज्य महामार्गावरच्या दगडाचा हिरवा. त्यानंतर मागे गेलेला टोलनाका किंवा फाटा स्थानिक नावाने सांगावा, म्हणजे गाडी घेऊन येणाऱ्या तिथल्या माणसाला जागा लगेच कळेल.