कॅमेऱ्यातले इफेक्ट की सॉफ्टवेअर?

कॅमेऱ्यातले इफेक्ट खुशाल वापरून बघ, पण फाइल रॉ (सेन्सरने टिपलेला कच्चा डेटा) + जेपेग (कॅमेऱ्याने त्यातून बनवलेला तयार फोटो) ठेव. नुसत्या जेपेगमध्ये ब्लॅक अँड व्हाइट काढलंस की रंग कायमचे गेले. नंतर लाल शर्ट आणि हिरवं पान एकाच करड्या छटेत आले, तर वेगळे करता येत नाहीत. रॉमध्ये रंग शाबूत राहतात. शिवाय जेपेगमध्ये दर रंगाच्या 256 पायऱ्या, 14 बिट रॉमध्ये 16,384. सावल्या उजळताना हा फरक लगेच कळतो.

सेपिया (जुन्या फोटोसारखी तपकिरी छटा), व्हिन्येट (काळसर कडा) वगैरे सॉफ्टवेअरवर सोड. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) मात्र लेन्सवरच लाव: काचेवरच्या चकाकीमागचं जे सेन्सरपर्यंत पोचलंच नाही, ते सॉफ्टवेअर फार तर अंदाजाने रंगवेल. आणि हो, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) जेपेगचा असतो, रॉचा नव्हे.